‘आँ प्रिमर’ व्यवहार आणि खऱ्या मागणीचा प्रश्न : बोर्दो येथील वाइन-व्यापाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोणत्याही मालाला मागणी किती आहे, हा प्रश्न वरवर पाहता अत्यंत साधा वाटतो. माल बाजारात आला, त्यापैकी किती खपला आणि कोणत्या भावाने खपला, हे पाहिले की त्याचे उत्तर मिळते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु माल तयार होण्यापूर्वीच त्याची विक्री होत असेल, तर हा प्रश्न गुंतागुंतीचा बनतो. अशा वेळी बाजारात दिसते ती मागणी मालाचा उपभोग घेणाऱ्याची असते, की पुढे भाव वाढेल या आशेने आज पैसे गुंतवणाऱ्याची असते, याचा उलगडा सहजासहजी होत नाही.

कोकणात आंब्याची बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला देण्याची प्रथा आहे. मोहोर पाहून फळाचा अंदाज बांधला जातो, बागमालकाच्या हाती रोख रक्कम पडते आणि पुढील जोखीम व्यापारी उचलतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बोर्दो या बंदराच्या शहरात उंची वाइनच्या बाबतीत याच स्वरूपाचा व्यवहार दीर्घकाळ चालत आला आहे. फ्रेंच भाषेत त्यास ‘आँ प्रिमर’ असे म्हणतात. मात्र या दोन व्यवहारांत एक मूलभूत फरक आहे. आंबा त्याच उन्हाळ्यात खाल्ला जातो, त्यामुळे व्यापाऱ्याचा अंदाज खरा की खोटा, हे काही महिन्यांतच स्पष्ट होते. बोर्दोची उत्तम वाइन मात्र पूर्ण मुरण्यास दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक वर्षे लागतात. म्हणजेच विक्री आणि उपभोग यांच्यामध्ये एका पिढीचे अंतर पडू शकते. या अंतरात मागणीविषयीचे गैरसमज कसे निर्माण होतात, ते कोणाच्या पथ्यावर पडतात आणि त्यांची किंमत अखेर कोण मोजतो, याचा ऐतिहासिक क्रमाने शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखाचे गृहीतक असे, की ‘आँ प्रिमर’चा इतिहास हा मुख्यतः जोखीम एका हातातून दुसऱ्या हातात सरकत गेल्याचा इतिहास आहे, आणि भाव ठरविणारा व वाइन पिणारा यांच्यातील अंतर जसजसे वाढत गेले, तसतशी आगाऊ विक्री ही मागणीची अधिकाधिक अविश्वसनीय खूण ठरत गेली.

१. व्यवहाराचे स्वरूप :

बोर्दो परिसरात द्राक्षांची वेचणी सामान्यतः सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत होते. नवी वाइन ओक लाकडाच्या सुमारे २२५ लिटर क्षमतेच्या पिंपांत मुरवली जाते. पुढील वर्षीच्या वसंत ऋतूत, बहुधा एप्रिल महिन्यात, व्यापारी आणि समीक्षक पिंपांतील नमुन्यांची चव घेतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत एकेक मळा, ज्यास तेथे ‘शातो’ म्हणतात, आपला भाव जाहीर करतो. ग्राहक त्याच वेळी रक्कम भरतो; बाटल्या मात्र त्याच्या हाती सुमारे दोन वर्षांनंतर पडतात. एप्रिलमध्ये चाखलेली वाइन ही तयार वाइन नसते. तिचे पिंपांतील मुरणे अद्याप पूर्ण व्हावयाचे असते. त्यामुळे हा सारा व्यवहार अंदाजावर आधारलेला आहे.

शातो आपली वाइन सहसा थेट ग्राहकास विकत नाही. शातो आणि घाऊक व्यापारी यांच्यामध्ये दलाल असतो आणि त्याची दलाली परंपरेने दोन टक्के असते. घाऊक व्यापाऱ्यास ‘नेगोसियाँ’ म्हणतात. तो परदेशी आयातदारांस माल देतो, आयातदार किरकोळ विक्रेत्यांस देतो आणि त्यांच्याकडून तो ग्राहकापर्यंत पोहोचतो. या संपूर्ण व्यवस्थेस ‘प्लास द बोर्दो’, म्हणजे बोर्दोची पेठ, असे नाव आहे. ही पेठ एखाद्या चौकात भरत नाही. ती परस्परसंबंधांची आणि लिखित-अलिखित करारांची पेठ आहे.

यापैकी एक अलिखित करार विशेष महत्त्वाचा आहे. प्रत्येक नेगोसियाँचा प्रत्येक शातोच्या मालात परंपरेने काही वाटा ठरलेला असतो. एखाद्या सामान्य हंगामात त्याने तो वाटा नाकारला, तर पुढील उत्तम हंगामात तो कमी होण्याची किंवा अजिबात न मिळण्याची भीती असते. परिणामी नेगोसियाँ नको असलेला मालही उचलतो. शातोच्या वहीत ‘सर्व माल विकला गेला’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात त्या वर्षीची वाइन कोणास हवी होती असे नसून, पुढील एखाद्या वर्षीच्या मालावरील हक्क टिकविण्यासाठी भरलेले ते मूल्य असते. आगाऊ विक्रीच्या आकड्यांत दडलेला हा पहिला आभास होय.

२. शार्त्राँ घाटावरील व्यापारी आणि इ.स. १८५५ ची प्रतवारी :

बोर्दोच्या वाइनला इंग्लंडमध्ये जुनी बाजारपेठ होती. सॅम्युएल पीप्स याने आपल्या दैनंदिनीत १६६३ मध्ये लंडनमधील एका पानगृहात चाखलेल्या ओ-ब्रियाँच्या वाइनचा उल्लेख केला आहे. विशिष्ट मळ्याच्या नावाने वाइन ओळखली जाऊ लागल्याचा तो एक आरंभीचा पुरावा मानला जातो. अठराव्या शतकात आयर्लंड व उत्तर युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांनी गारोन नदीच्या काठी शार्त्राँ घाटावर आपल्या वखारी उभारल्या. आयर्लंडमधून आलेल्या टॉमस बार्टन यांची पेढी १७२५ मध्ये सुरू झाली, तर एब्रहम लॉटन यांची दलालीची पेढी १७४० मध्ये सुरू झाली. थॉमस जेफरसन १७८७ च्या मे महिन्यात बोर्दोस आले, तेव्हा त्यांनी पहिल्या दर्जाचे म्हणून मारगो, ला तूर, ओ-ब्रियाँ आणि लाफित या चार मळ्यांची नोंद केली. म्हणजे गुणवत्तेची आणि भावाची उतरंड तेव्हाच रूढ झालेली होती.

या काळातही व्यापारी तरुण वाइन पिंपांतूनच विकत घेत असे. क्वचित द्राक्षे वेलीवर असतानाच सौदा होई. त्यास ‘वेलीवरची खरेदी’ म्हणत. परंतु तेव्हाचा नेगोसियाँ खरेदीनंतर ती वाइन स्वतःच्या वखारीत आणून अनेक वर्षे मुरवीत असे. ब्रिटिश ग्राहकाच्या आवडीनुसार तो तिच्यात अन्य प्रदेशांतील दणकट वाइनची भरही घालीत असे. त्याचे भांडवल वखारीत अडकलेले असे, त्याची पत लंडन, डब्लिन वा ॲमस्टरडॅम येथील गिऱ्हाइकांवर अवलंबून असे आणि त्यांच्या जिभेची त्यास माहिती असे. सारांश, जोखीम उचलणारा आणि मागणी जाणणारा मनुष्य एकच होता. आगाऊ खरेदी ही तेव्हा सट्टा नसून अनुभवावर आधारलेला पतपुरवठा होता. अर्थात तेव्हाही अंदाज चुकत आणि पेढ्या बुडत. परंतु चूक करणारा आणि तिचे फळ भोगणारा बव्हंशी एकच असे.

१८५५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बोर्दोच्या व्यापारी मंडळाने दलालांकडे मळ्यांच्या प्रतवारीची मागणी केली. १८ एप्रिल १८५५ रोजी दलालांनी जी यादी सादर केली, तीत तांबड्या वाइनच्या मळ्यांचे पाच वर्ग पाडलेले होते. ही यादी कोणा एका परीक्षकाच्या जिभेवर नव्हे, तर दीर्घकाळ प्रत्यक्ष मिळत आलेल्या भावांवर आधारलेली होती. दलालांच्या वह्यांत वर्षानुवर्षांचे सौदे नोंदलेले होते आणि ज्या मळ्यास सातत्याने अधिक भाव मिळत आला, तो वरच्या वर्गात बसविण्यात आला. १९७३ मध्ये मूटाँ-रोथशिल्ड या मळ्यास दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात बढती मिळाली, हा अपवाद वगळता पहिल्या वर्गाची रचना आजही तीच आहे. एक तत्त्व येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मागणीचा पुरावा म्हणून भावाचा उपयोग करावयाचा असेल, तर तो भाव अनेक वर्षांचा आणि अनेक हातांतून गेलेला असावा लागतो. पुढील काळात हेच तत्त्व विसरले गेले, असे दिसून येते.

३. वखारीकडून मळ्याकडे :

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध बोर्दोसाठी कठीण होता. द्राक्षवेलींवरील रोग, दोन महायुद्धे आणि जागतिक मंदी यांमुळे मळेवाल्यांची आर्थिक स्थिती खालावली. शतकाच्या पहिल्या दशकात काही नामांकित शातोंनी व्यापाऱ्यांशी अनेक वर्षांचे करार करून ठरावीक भावाने वाइन देण्याचे मान्य केले होते. या करारांमुळे मळेवाल्यास स्थैर्य मिळे. परंतु चांगल्या हंगामातील नफा व्यापाऱ्याकडे जाई.

१९२४ मध्ये बॅरन फिलिप द रोथशिल्ड यांनी मूटाँ येथील संपूर्ण उत्पादन मळ्यावरच बाटल्यांत भरण्याचा निर्णय घेतला. भेसळीला आळा आणि नावाची प्रतिष्ठा हे त्यामागील हेतू होते. परंतु या निर्णयाचा एक दूरगामी आर्थिक परिणाम झाला. वाइन मुरविण्याचे आणि भरण्याचे काम व्यापाऱ्याच्या वखारीतून मळ्याकडे गेले. ही प्रथा हळूहळू इतर शातोंनीही स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धानंतर मळेवाल्यांकडे भांडवलाचा तुटवडा होता. त्यातच १९५६ च्या फेब्रुवारीतील भीषण थंडीने असंख्य वेली मेल्या. अशा परिस्थितीत वाइन मळ्यावरच ठेवून तिचे पैसे मात्र आधीच घेण्याची पद्धत मळेवाल्यांना उपकारक ठरली. आजच्या अर्थाने ‘आँ प्रिमर’ची घडण या दशकांत झाली. व्यापारी आता माल पाहत नव्हता, मुरवीत नव्हता. तो केवळ कागदावरील हक्क विकत घेत होता. कागद हातोहात फिरू शकतो. पिंपांचे तसे नसते. सट्ट्यास आवश्यक असलेली भूमी अशा रीतीने तयार झाली.

४. इ.स. १९७२ ते १९७४ : पहिला धडा :

१९७० आणि १९७१ हे हंगाम चांगले होते. याच काळात अमेरिकी व इतर परदेशी खरेदीदार बोर्दोच्या बाजारात उतरले. चलनवाढीच्या वातावरणात वाइन ही सुरक्षित ठेव आहे, असा समज पसरला आणि भाव झपाट्याने चढले. १९७२ चा हंगाम निकृष्ट होता; द्राक्षे नीट पिकली नव्हती. तरीही त्या वाइनचे भाव आधीच्या उत्तम हंगामांहूनही चढे राहिले. व्यापारी ती वाइन पिण्यासाठी नव्हे, तर पुढच्या व्यापाऱ्यास विकण्यासाठी घेत होते.

१९७३ मध्ये तेलसंकट उद्भवले, व्याजाचे दर वाढले आणि त्याच वर्षी बोर्दोच्या व्यापारात वाइनच्या खोट्या कागदपत्रांचे एक प्रकरण उघडकीस आले. बाजाराचा विश्वास उडाला. १९७४ मध्ये भाव कोसळले. करारांनी बांधले गेलेले नेगोसियाँ चढ्या भावाने घेतलेला माल कोणास द्यावा, या विवंचनेत सापडले. या कोसळण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शातो मारगो. या मळ्याचे मालक असलेले जिनेस्ते घराणे स्वतः मोठे व्यापारी होते. व्यापारातील संकटामुळे त्यांस मळा विकणे भाग पडले. एका अमेरिकी कंपनीस तो विकण्याच्या प्रस्तावास फ्रेंच शासनाने मान्यता दिली नाही आणि अखेर १९७७ मध्ये आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी तो विकत घेतला. ज्या मळ्याची नोंद जेफरसन यांनी पहिल्या दर्जाचा म्हणून केली होती, तो एका चुकीच्या अंदाजापायी हातचा गेला. येथे वाइनची प्रतिष्ठा कमी झालेली नव्हती. मागणीच्या मोजमापात चूक झालेली होती, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

५. इ.स. १९८२ : ग्राहकाचा प्रवेश :

१९७४ नंतर नेगोसियाँ वर्ग दुबळा झाला. सर्व जोखीम पेलण्याची त्याची ताकद उरली नाही. नेमक्या याच वेळी १९८२ चा हंगाम आला. अमेरिकेतील रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ मध्ये ‘द वाइन ॲडव्होकेट’ हे नियतकालिक सुरू केले होते आणि ते वाइनला शंभरपैकी गुण देत असत. अनेक जुन्या समीक्षकांना १९८२ च्या वाइनविषयी शंका असताना पार्कर यांनी तिची मनमोकळी प्रशंसा केली. डॉलर तेव्हा बळकट होता. अमेरिकी ग्राहकांनी वाइन बाटल्यांत भरण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणावर खरेदी केली. पुढे त्या वाइनचे भाव अनेक पटींनी वाढले.

या यशाचे दोन परिणाम झाले. एक, जोखीम आता व्यापाऱ्याकडून सामान्य ग्राहकाकडे सरकली. दोन, ‘आगाऊ घेतली तर वाइन स्वस्त मिळते’ ही धारणा एका अपवादात्मक वर्षावरून नियम म्हणून रूढ झाली. १९८२ मध्ये भाव तुलनेने माफक होते, गुणवत्ता असामान्य होती आणि चलनाचा विनिमय दर अमेरिकी ग्राहकास अनुकूल होता. हे तिन्ही योग पुन्हा क्वचितच जुळून आले. १९९७ चा हंगाम हे त्याचे उलट उदाहरण होय. १९९५ व १९९६ च्या उत्तम हंगामांनंतर आलेल्या या साधारण वाइनचे भाव १९९८ मध्ये चढेच ठेवण्यात आले. आशियाई देशांत तेव्हा आर्थिक संकट चालू होते. त्या वाइनचा माल पुढे वर्षानुवर्षे पडून राहिला आणि आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकांचे नुकसान झाले.

६. गुण, हवामान आणि भाव :

आगाऊ भावात वाइनच्या गुणवत्तेचा वाटा किती आणि इतर गोष्टींचा किती, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीही हाताळला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी १९५२ ते १९८० या काळातील हंगामांच्या लंडन येथील लिलाव-किमतींचा अभ्यास केला. वाइनचे वय, वेलींच्या वाढीच्या काळातील सरासरी तापमान, वेचणीपूर्वीचा ऑगस्ट-सप्टेंबरमधील पाऊस आणि त्याआधीच्या हिवाळ्यातील पाऊस, या चार घटकांवरून हंगामा-हंगामातील भावांच्या फरकाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग स्पष्ट होतो, असे त्यांना आढळले. हवामानाची ही माहिती वेचणीच्या दिवशीच उपलब्ध असते. तरीही कोवळ्या वाइनचे भाव या माहितीशी जुळत नाहीत. वाइन मुरत जाते तसे ते हळूहळू जुळू लागतात. याचा अर्थ असा, की आगाऊ बाजारास गुणवत्तेचा अंदाज करणे अशक्य नव्हते. उपलब्ध माहितीकडे त्याचे दुर्लक्ष होत होते.

दुसरा अभ्यास एका योगायोगातून शक्य झाला. २००३ च्या वसंतात इराक युद्धाच्या पार्श्वभूमीवर पार्कर बोर्दोस आले नाहीत. त्यामुळे २००२ च्या वाइनचे आगाऊ भाव त्यांच्या गुणांविना जाहीर झाले. हादज अली, लकोक आणि विसर या फ्रान्समधील संशोधकांनी या वर्षाची तुलना गुण उपलब्ध असलेल्या वर्षाशी केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पार्कर यांच्या गुणांचा एकूण प्रभाव बाटलीमागे सरासरी २.८० युरो इतका होता. वाइन तीच, मळा तोच. परंतु छापील आकड्याच्या असण्या-नसण्याने भाव बदलतो. आगाऊ भावात ग्राहकाच्या पसंतीबरोबरच दुसऱ्याच्या मताविषयीचा विश्वासही मिसळलेला असतो, हे यावरून सिद्ध होते.

७. हाँगकाँगची लाट आणि ला तूरची माघार :

हाँगकाँगच्या शासनाने २००८ च्या फेब्रुवारीत वाइनवरील आयात कर रद्द केला. तत्पूर्वी तो ४० टक्के होता. अल्पावधीत हाँगकाँग हे उंची वाइनच्या लिलावांचे प्रमुख केंद्र बनले. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये सदबीजच्या लिलावात लाफितच्या १८६९ च्या तीन बाटल्या प्रत्येकी सुमारे २ लाख ३२ हजार अमेरिकी डॉलरना विकल्या गेल्या. त्याच महिन्यात लाफितने आपल्या २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतील ‘आठ’ हा शुभ मानला जाणारा अंक कोरणार असल्याचे जाहीर केले आणि त्या वाइनचा भाव लगोलग उसळला. बाटलीतील वाइनमध्ये तसूभरही फरक झालेला नव्हता.

चीनमधील या मागणीचा मोठा भाग भेटवस्तूंचा होता. भेट म्हणून दिलेली बाटली पुष्कळदा उघडली जात नाही. ती पुढे दुसऱ्यास दिली जाते. २००९ आणि २०१० हे हंगाम निःसंशय उत्कृष्ट होते, परंतु त्यांचे विक्रमी आगाऊ भाव या लाटेवर स्वार होऊन ठरविण्यात आले. लंडन येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या लिव्ह-एक्स या वाइन-विनिमय मंचाचा १०० वाइनचा निर्देशांक २०११ च्या मध्यास शिखरावर पोहोचला आणि पुढील सुमारे तीन वर्षांत एक तृतीयांशाने घसरला. २०१२ च्या अखेरीपासून चीन सरकारने शासकीय उधळपट्टी व भेटींविरुद्ध घेतलेल्या कठोर भूमिकेने या घसरणीत भर पडली. उत्कृष्ट वाइनवरही ग्राहकास तोटा होऊ शकतो, हे या प्रसंगातून स्पष्ट झाले.

२०१२ च्या एप्रिलमध्ये शातो ला तूरने आगाऊ विक्रीतून बाहेर पडत असल्याची घोषणा केली. २०११ चा हंगाम त्यांचा अखेरचा ‘आँ प्रिमर’ हंगाम ठरला. वाइन पिण्यायोग्य झाल्यावरच ती बाजारात आणावयाची, असे त्यांचे धोरण ठरले. या निर्णयामागे मुरलेल्या वाइनचा वाढीव नफा स्वतःकडे राखण्याचा हेतू होता, हे उघड आहे. तथापि ऐतिहासिक दृष्टीने पाहता, शार्त्राँच्या व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकात वखारीत पेललेली जोखीम येथे मळ्याने स्वतःच्या तळघरात परत घेतली. अर्थात ज्यांच्यापाशी मुबलक भांडवल आहे, त्यांनाच हा मार्ग परवडतो.

८. अलीकडील हंगाम :

२०२० मध्ये कोविड महामारीमुळे वसंतातील चवपरीक्षा नेहमीप्रमाणे होऊ शकल्या नाहीत. अशा वेळी शातो पाँटे-काने यांनी २०१९ ची वाइन मे महिन्याच्या अखेरीस बाटलीमागे ५८ युरो या भावाने जाहीर केली. आदल्या वर्षीच्या तुलनेत ही घट ३१ टक्के होती. अन्य शातोंनीही भाव उतरवले आणि संकटाच्या वर्षातही विक्री उत्साहाने झाली. मागणी संपलेली नव्हती, ती योग्य भावाची वाट पाहत होती, असा या अनुभवाचा अर्थ लावता येतो. तथापि २०२२ च्या हंगामाचे भाव २०२३ मध्ये पुन्हा चढविण्यात आले आणि विक्री रेंगाळली. त्यानंतर २०२४ मध्ये लाफितसह अनेक शातोंनी सुमारे ३० टक्क्यांची कपात केली आणि २०२५ मध्ये भाव पुन्हा उतरवण्यात आले. परंतु या वेळी बाजारात पूर्वीचा उत्साह परतला नाही. गोदामांत आधीच्या वर्षांचा माल शिल्लक होता, व्याजाचे दर वाढलेले होते आणि तयार जुनी वाइन नव्यापेक्षा स्वस्तात मिळत होती.

याच काळात बोर्दोच्या सामान्य मळेवाल्यांची स्थिती बिकट झाली. २०२३ मध्ये सुमारे ९,५०० हेक्टरपर्यंतचे द्राक्षमळे अनुदान देऊन उपटण्याची योजना जाहीर करण्यात आली. साध्या तांबड्या वाइनचा घटता खप हे त्याचे मुख्य कारण होते आणि हे मळेवाले ‘आँ प्रिमर’च्या झगमगाटात कधीच नव्हते. तरीही एकाच प्रदेशात एकीकडे विक्रमी आगाऊ भावांचा दशकभराचा गाजावाजा आणि दुसरीकडे वेली उपटण्याची वेळ, हे चित्र बोलके आहे. शिखरावरील भाव हे संपूर्ण डोंगराचे मोजमाप होऊ शकत नाही.

९. खऱ्या मागणीच्या कसोट्या :

उपरोक्त इतिहासावरून खरी मागणी ओळखण्याच्या काही कसोट्या मांडता येतात.

(अ) आगाऊ जाहीर झालेला भाव आणि बाटल्या हाती आल्यानंतरचा पुनर्विक्रीचा भाव यांची तुलना करावी. दुसरा भाव सातत्याने कमी असेल, तर पहिला भाव मागणीचा नव्हे, तर अपेक्षेचा होता, असे समजावे.

(आ) ‘माल विकला गेला’ या विधानावर न थांबता तो आता कोणाच्या गोदामात आहे, हे पाहावे. व्यापाऱ्याच्या गोदामातील माल ही पूर्ण झालेली विक्री नव्हे, ती लांबणीवर पडलेली विक्री होय.

(इ) त्याच मळ्याच्या, तितक्याच चांगल्या व मुरलेल्या जुन्या हंगामाचा चालू भाव पाहावा. नवी वाइन त्याहून स्वस्त नसेल, तर आगाऊ पैसे अडकवून ठेवण्यास आर्थिक कारण उरत नाही.

(ई) खरेदीदार कोण आहे, पिणारा, भेट देणारा की साठवणारा, याचा विचार करावा. पहिल्याची मागणी दरवर्षी परत येते. दुसऱ्याची शासकीय धोरणाने आटते. तिसऱ्याची तर एक दिवस पुरवठा बनूनच बाजारात येते.

यापैकी अखेरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. साठवणाऱ्याने विकत घेतलेली प्रत्येक बाटली आज मागणी म्हणून मोजली जाते आणि उद्या पुरवठा म्हणून परत येते. एकाच बाटलीची ही दुहेरी गणना हेच १९७४ आणि २०११ या दोन्ही कोसळण्यांमागील समान सूत्र आहे.

समारोप :

आगाऊ खरेदी ही मुळात वाईट प्रथा नाही. थंडीने वेली मेलेल्या मळेवाल्यास तिने भांडवल दिले आणि १९८२ च्या ग्राहकास माफक भावात उत्तम वाइन दिली. शार्त्राँ घाटावरील व्यापाऱ्याच्या हाती असताना ती मागणीच्या प्रत्यक्ष ज्ञानावर उभी होती. पुढे जोखीम व्यापाऱ्याकडून ग्राहकाकडे आणि काही अंशी पुन्हा मळ्याकडे सरकली. परंतु भाव ठरविणाऱ्यास वाइन पिणाऱ्याची ओळख मात्र उत्तरोत्तर कमी होत गेली. ज्या ज्या वेळी हे अंतर वाढले, त्या त्या वेळी बाजाराने साठवणुकीस खप मानले आणि त्याचा भुर्दंड कधी जिनेस्तेंसारख्या घराण्यास, तर कधी दूरच्या एखाद्या निनावी ग्राहकास सोसावा लागला.

१८५५ च्या दलालांनी प्रतवारी करताना वर्षानुवर्षांच्या वह्या उघडल्या होत्या. आजच्या बाजारापाशी त्याहून कितीतरी अधिक माहिती आहे. तथापि भाव ठरविला जातो तो सहा महिन्यांच्या कोवळ्या नमुन्यावर. माहितीच्या वाढीबरोबर निर्णयाची परिपक्वता वाढतेच असे नाही, हे बोर्दोच्या इतिहासातून निष्पन्न होते. वाइनची खरी मागणी तिचे बूच निघते त्या दिवशीच सिद्ध होते. तोपर्यंतचे सर्व आकडे हे अंदाजच होत आणि अंदाज म्हणूनच ते वाचले जाणे इष्ट आहे.